दोन तासांचं विमान आणि रात्रभराची देवगिरी

काल दुपारपासून फोनला उसंत नाही. कारण गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडच्या एका युवा नेत्यानं मुंबई-दिल्ली विमानात, बिझनेस क्लासमध्ये, चक्क आडवं झोपून काढलेलं रील टाकलं. त्याखाली मी एकच ओळ लिहिली, "भाऊ, झोप लागली का?"

झालं. रात्री अकरापर्यंत दोनशेच्या वर कमेंट. मी जळका, मी विरोधकांचा पगारी, मी विकासाचा वैरी. एकानं माझ्या जुन्या स्प्लेंडरचा फोटो टाकून खाली लिहिलं, "यांचा बिझनेस क्लास." (गाडी माझीच आहे. नंबर तेवढा झाकायचा होता, दादा.)

आज सकाळी बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. "लांब पल्ल्याच्या विमानाने, बिझनेस क्लासमधून दिल्ली गाठणारे तालुक्याचे पहिले सुपुत्र, हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो. त्यातल्या बारा जणांना मी ओळखतो. बाराही जण एरवी मुंबईला जायचं म्हटलं की माझ्याकडे येतात, "सर, तेवढं रेल्वेचं कन्फर्म होतं का बघा" म्हणून.

तर त्या एका ओळीचा अर्थ काय होता, ते आज सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी प्रकार काय आहे ते समजून घेऊ, कारण "बिझनेस क्लासमध्ये तर सगळेच झोपतात" असं लिहिणाऱ्यांनाही तो कळलेला दिसत नाही.

मुंबई-दिल्लीचं नेहमीचं विमान छोटं असतं. मधून एक वाट, दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. त्यात बिझनेस क्लास असला तर पुढं मोजक्या रुंद खुर्च्या, ज्या मागं थोड्या कलतात. पण कधी कधी याच मार्गावर कंपन्या मोठं विमान लावतात, दोन वाटांचं. हे मुळात लंडन-न्यूयॉर्कच्या पल्ल्यासाठी घेतलेलं असतं. त्यातला पुढचा भाग चौदा-पंधरा तास हवेत काढणाऱ्या माणसाचा विचार करून बांधलेला असतो. सीट पूर्ण सपाट होते, पलंगासारखी. बाजूला आडोसा. काही विमानांत तर सरकतं दार आणि कोट टांगायला कपाट.

ते विमान दोन तासांच्या मार्गावर का येतं, याची कारणं साधी आहेत. एअर इंडियानं नवीन ए-३५० विमान घेतलं तेव्हा २२ जानेवारी २०२४ पासून काही महिने ते मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई असं देशातच फिरवलं. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांचा हात बसावा, नियमाप्रमाणे लागणाऱ्या फेऱ्या पुऱ्या व्हाव्यात, मग परदेशी पाठवावं, असा तो हिशेब. त्यात एकूण ३१६ जागा, पैकी २८ पुढच्या बंद खोल्यांसारख्या. कधी दोन परदेशी फेऱ्यांच्या मधे विमान मोकळं असतं, कधी ते एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचंच असतं, मग प्रवासी घेऊन नेतात. यात वाईट काही नाही. रिकामं नेण्यापेक्षा भरलेलं बरं.

आणि मग शौकीन लोक येतात. कोणत्या दिवशी कोणत्या छोट्या मार्गावर मोठं विमान लागलंय, हे जगभर लोक शोधत बसतात. एमिरेट्सनं १ जुलै २०१९ पासून दुबई ते मस्कत ए-३८० लावलं होतं. म्हणजे ते दुमजली, जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान, आणि अंतर परभणी-नाशिकएवढं. हवेत साधारण चाळीस मिनिटं. लोक फक्त त्या सीटवर बसायला तिकीट काढतात आणि त्याच दिवशी परत येतात. दुसऱ्या शहरात काम काहीच नसतं.

आमच्या भाऊंनी हेच केलं. दिल्लीला जायचं असतं तर संभाजीनगरहून थेट विमान आहे, घरापासून तीन-साडेतीन तासांवर. हे जालन्याला समृद्धी धरून रात्रभर गाडीनं मुंबईला गेले. तिथून दुपारचं विमान. दिल्लीत विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं नाही, लाउंजमध्ये जेवले आणि संध्याकाळच्या विमानानं परत. एका बाजूचे पंचवीस हजारांच्या वर गेले, हे त्यांनी स्वतःच रीलमध्ये सांगितलंय. "फक्त अनुभवासाठी" असंही म्हणाले आहेत. खोटं बोलले नाहीत, याचे गुण त्यांना द्यावेच लागतील.

आता पहिली गोष्ट. शौकाला माझा विरोध नाही.

नव्वदच्या दशकात आमच्याकडं मीटरगेज उखडून ब्रॉडगेज आली, तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. नव्या रुंद डब्यात बसायचं म्हणून मी आणि माझा चुलतभाऊ परभणीहून मानवत रोडला गेलो. मानवत रोडला काय काम होतं? काही नाही. तिथं उतरलो, नळाचं पाणी प्यालो, दोन तास फलाटावर बसलो, आणि मिळेल त्या गाडीनं परत. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "कामून गेल्ता?" उत्तर नव्हतं. मार खाल्ला. पण त्या डब्याच्या रुंदीची आठवण आजही आहे. त्यामुळं विमानातली सीट बघायला दिल्लीला जाऊन येणारा माणूस मला वेडा वाटत नाही. माझ्याच जातकुळीतला आहे तो. फरक एवढाच, मानवत रोडहून परत आल्यावर आमचा फ्लेक्स लागला नव्हता.

दुसरी गोष्ट. "त्याच्या पैशानं गेला, तुमच्या बापाचं काय गेलं?" अशी कमेंट सगळ्यात जास्त वेळा आली आहे. प्रश्न रास्त आहे, नीट उत्तर देतो.

पैसा त्याचा. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे. बिझनेसच्या तिकिटावर तो सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला. म्हणजे भाऊंनी माझ्यापेक्षा जास्त कर भरला. हेही मान्य. पण विमानात माणूस जागा विकत घेतो आणि जागा कोणाच्याही पैशानं वाढत नाही. जो एक पलंग पसरतो त्या जागेत मागं तीन-चार माणसं बसली असती. म्हणूनच जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा बिझनेस क्लासच्या एका प्रवाशाच्या नावावर इकॉनॉमीवाल्याच्या साधारण तिप्पट धूर निघाला. इंधन तेच, विमान तेच, वाटणी जागेनुसार.

पंधरा तासांच्या प्रवासात ही जागा कशासाठी लागते ते कळतं. माणसाला झोप हवी, उतरल्यावर कामाला जायचं असतं, पाय सुजतात. मुंबई-दिल्लीत विमान हवेत असतं पावणेदोन तास, फार तर दहा मिनिटं इकडंतिकडं. चढताना आणि उतरताना सीट सरळ ठेवायची, हा नियम सगळ्यांना. मधल्या तासाभरात जेवण येतं. उरलेल्या वेळात पलंग पसरायचा, पांघरूण ओढायचं, मोबाईल समोर टेकवायचा, डोळे मिटायचे. रीलमध्ये खिडकीतून लख्ख ऊन दिसतंय आणि वर लिहिलंय "शुभ रात्री".

मोठं विमान छोट्या मार्गावर लावण्याचा दुसराही एक रस्ता आहे. जपाननं तो फार आधी धरला. तिथं विमानतळावर जागा कमी, लोक अफाट. म्हणून त्यांनी जंबो जेट देशातल्या देशात, तास-दीड तासाच्या मार्गावर चालवली, पण आत पलंग काढून खुर्च्या भरल्या. ऑल निप्पॉनच्या तसल्या जंबोमध्ये साडेपाचशेहून जास्त माणसं बसायची. जपान एअरलाइन्सनं २०१९ मध्ये देशांतर्गत मार्गावर ए-३५० आणलं ते ३६९ जागांचं. आपल्याकडचं तेच विमान ३१६. म्हणजे एका फेरीत त्रेपन्न माणसं कमी. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एकावेळी एकच वापरता येते. तिथली एकेक फेरी मोलाची. छोट्या गावांच्या विमानांना तिथं वेळ मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. अशा ठिकाणी मोठं विमान लावणं शहाणपणाचंच, फक्त ते माणसांनी भरावं.

छोट्या गावांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण फ्लेक्सवर "विकास" हा शब्द दोनदा आहे.

२७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेची पहिली विमानं उडाली. पंतप्रधानांनी शिमला-दिल्लीला झेंडा दाखवला आणि त्याच दिवशी आपलं नांदेड-हैदराबादही सुरू झालं. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसेल, असं तेव्हा सांगितलं होतं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास भाडं, निम्म्या जागा त्या दरानं. मी त्या दिवसाची बातमी केली होती, मनापासून केली होती. या योजनेसाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानफेऱ्यांवर आकार बसवला गेला. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या प्रवाशांकडून घेऊन नांदेडच्या प्रवाशाला द्यायचं. कल्पना चांगलीच होती.

पुढं काय झालं? ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले होते, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली. आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकले किती? ५४. नांदेडचं ते पहिलं विमान उडवणारी कंपनी २०२२ मध्येच थांबली. २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीनं नांदेडहून पुन्हा सुरुवात केली, तिचं स्वागत आहे. पण मधली दोन वर्षं आपल्या भागात कोणी फ्लेक्स लावला नाही, मोर्चा काढला नाही, रीलही केलं नाही.

बरं, विमानाचं राहू द्या. आपल्यातले शंभरातले किती जण विमानात बसतात? आपली गाडी देवगिरी.

आता मी त्या ओळीपाशी येतो.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. नात्यातल्या नाहीत, पण लहानपणापासून मावशीच म्हणतो. एकसष्ट वय. गेल्या वर्षी कॅन्सर निघाला. परळला उपचार चालू आहेत, दर एकवीस दिवसांनी केमो. एरवी त्यांचा मुलगा सोबत जातो. तो एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे, या वेळी त्याला सुट्टी मिळाली नाही. शुक्रवारी मी गेलो.

रेल्वेचे नियम कागदावर चांगले आहेत. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं पूर्ण माफ, सोबतच्यालाही मोठी सवलत. दाखला दाखवायचा, तिकीट मिळतं. पण तिकीट मिळणं वेगळं आणि बर्थ मिळणं वेगळं. देवगिरी हैदराबादेकडून भरून येते. आपली स्टेशनं मधली, आपल्या वाट्याला थोडका एकत्रित कोटा. म्हणून आपल्या तिकिटावर पीक्यूडब्ल्यूएल लिहून येतं, आणि ती यादी लवकर हलत नाही. या वेळी दवाखान्यानं तारीख अलीकडं घेतली, त्यामुळं तिकीट निघालं चार दिवस आधी. दोघांचंही वेटिंग.

अशा वेळी इमर्जन्सी कोटा असतो. त्यासाठी खासदार-आमदारांचं पत्र लागतं, ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत रेल्वेच्या ऑफिसात पोचावं लागतं. छोट्या गावातल्या पत्रकाराचं निम्मं आयुष्य बातम्यांत जातं आणि निम्मं या पत्रात, हे माझ्या व्यवसायातले लोक मान्य करतील. आमच्याकडं आमदारसाहेबांच्या पत्रांचं काम कोण बघतं? तेच भाऊ. मी गुरुवारी सकाळी फोन केला, बंद. अकराला केला, बंद. त्यांच्या संपर्क कार्यालयात स्वतः गेलो. तिथं बसलेला मुलगा म्हणाला, "सर, साहेब दिल्लीला गेलेत, महत्त्वाच्या कामानिमित्त." बाकी कोणाला सही आणता येते का? "साहेब आल्याशिवाय लेटरपॅड निघत नाही." पत्र गेलं नाही.

मुद्दाम अडवलं असं मी म्हणत नाही. भाऊ मनानं वाईट नाहीत. याआधी त्यांनी पंधरा-वीस पत्रं मला दिली असतील, चहा पाजून दिली. त्या दिवशी ते हवेत होते, एवढंच.

चार्ट लागला तेव्हा मावशींचं आरएसी झालं, माझं वेटिंगच राहिलं. वेटिंगवाल्यानं आरक्षित डब्यात थांबायचं नाही, हा नियम आता कडक झालाय. मी टीसीला दवाखान्याची फाइल दाखवली, तो भला माणूस निघाला, म्हणाला, "दाराकडं राहा, मला दिसू नका." ज्यांनी आरएसीनं प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजूचा खालचा एक बर्थ, त्यावर दोन माणसं, रात्रभर बसून. मावशींच्या समोर नाशिकला परीक्षेला निघालेला एक मुलगा, वीस-बावीसचा. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. केमो झालेल्या माणसाच्या हातापायांना मुंग्या असतात, हाडं दुखतात, वास सहन होत नाही. डब्याच्या त्या टोकाला कसला वास असतो ते तुम्हाला माहीत आहे. मावशी तोंडाला पदर लावून खिडकीला टेकल्या. जालना गेलं तरी तशाच. मी दोनदा विचारलं, "मावशी, काही पाहिजे का?" म्हणाल्या, "पाठ टेकायला मिळाली असती तर." तक्रार केल्यासारखं नाही म्हणाल्या, सहज म्हणाल्या.

संभाजीनगर सुटल्यावर तो मुलगा उठला. त्यानं मला काही विचारलं नाही, मावशींना फक्त म्हणाला, "आजी, तुम्ही आडव्या व्हा, मला अभ्यास करायचाय, उजेडात उभा राहतो." आणि पुस्तक घेऊन दाराजवळ, माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. नाशिक येईपर्यंत उभा होता. मधे मनमाडला खाली उतरून त्यानं दोन चहा आणले, एक मला दिला. सकाळी त्याचा पेपर होता. त्याचं नाव मी विचारलं नाही, राहून गेलं.

मावशी नाशिकपासून दादरपर्यंतही आडव्या होत्या. झोप लागली की नाही, ठाऊक नाही.

शनिवारी रात्री परळहून परतीच्या वाटेवर मी मोबाईल उघडला आणि समोर भाऊंचं रील. पलंग, पांघरूण, शुभ रात्री. आता सांगा, मी काय लिहायला पाहिजे होतं? "झोप लागली का" हे मी त्यांनाच विचारलं होतं, पण डोक्यात वेगळंच माणूस होतं.

आता माझंही सांगतो, नाहीतर ही पोस्ट म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातली घाण दाखवणं होईल.

भाऊंच्या विमानप्रवासाची दोन कॉलम बातमी रविवारी आली. फोटोसह. ती मी लिहिली. "त्यांच्या या प्रवासाचे परिसरातून कौतुक होत आहे" हे वाक्य माझं आहे. परिसरातून कोणी कौतुक केलं होतं? बातमी लिहिली तेव्हा कोणीच नाही. डेस्कवरून फोन आला, "पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आहे ना, पान घ्यायचंय." छोट्या गावातल्या वार्ताहराला पगार म्हणून जे मिळतं त्यात पेट्रोल निघत नाही. घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. वाढदिवसाचं एक पान म्हणजे माझ्या मुलीची क्लासची फी. मी बातमी लिहिली. त्याच दिवशी देवगिरीच्या कोट्याबद्दल, आरएसीबद्दल, पेशंटच्या हालांबद्दल चारशे शब्द पाठवले होते. ते "संक्षिप्त"मध्ये साठ शब्दांत आले, तेही रक्तदान शिबिराच्या खाली. मला ते फारसं लागलंसुद्धा नाही, कारण असंच होतं हे वीस वर्षांत माहीत झालंय.

म्हणून फेसबुकवर एक ओळ लिहून मी शूर झालो असं कोणी समजू नये. मी ज्याची बातमी गोड करून लिहिली त्यालाच रात्री टोमणा मारला. "सर, तुमचीच बातमी आणि तुमचीच कमेंट?" असं एकानं विचारलंय. बरोबर विचारलंय. त्या कमेंटला मी लाइक दिलाय.

काही जणांनी लिहिलं, "तुम्ही कधी बिझनेस क्लासमध्ये बसलात का, मग कशाला बोलता?" नाही बसलो. विमानातच दोनदा बसलोय, दोन्ही वेळा मागच्या मधल्या सीटवर. आणि हो, त्या पलंगावर पडून बघायला मला आवडेल. जळतो म्हणा, हरकत नाही.

काहींनी लिहिलं, "मग आता श्रीमंतांनी मजा करायची नाही का?" करावी की. मुंबईचा एखादा व्यापारी, एखादा आयटीवाला, विमानाचं वेड असलेला एखादा डॉक्टर दर महिन्याला असा जाऊन आला तर मी एक शब्द लिहिणार नाही. धुराचा हिशेब त्यालाही लागू आहे, तो त्यानं आपल्या मनाशी करावा. माझं म्हणणं भाऊंशी वेगळं आहे. ते स्वतःला जनतेचा माणूस म्हणवतात, लोकांच्या पत्रांचं कपाट त्यांच्या किल्लीत आहे, आणि ते कपाट बंद करून ते "महत्त्वाच्या कामानिमित्त" गेले. काम नव्हतं. शौक होता. शौक म्हणून सांगून, किल्ली कोणाकडं तरी ठेवून गेले असते, तर मी त्या रीलला बदाम दिला असता.

आणि दिल्लीपर्यंत गेलाच होतात, भाऊ. विमानतळापासून मेट्रोनं रेल भवन अर्ध्या-पाऊण तासावर आहे. देवगिरीला एक जादा स्लीपर डबा, आपल्या स्टेशनांचा कोटा वाढवून, एवढं एक निवेदन घेऊन गेला असतात, अगदी गेटवरच्या टपालात टाकून आला असतात, तर फ्लेक्ससाठी पहिले शंभर रुपये मी दिले असते. निवेदनाचा मसुदा तयार आहे. २०१९ पासून माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. दर निवडणुकीला त्यातली तारीख बदलतो.

शुभेच्छुकांपैकी एक जण आज दुपारी भेटला. म्हणाला, "सर, जाऊ द्या ना, गावाचं नाव झालं." मी विचारलं, कुठं झालं? तो म्हणाला, "रीलला चाळीस हजार व्ह्यूज आलेत." मग थोडं थांबून म्हणाला, "बरं सर, सतरा तारखेचं सीएसटीचं तिकीट काढलंय, वेटिंग आहे, आईला डोळ्यांना दाखवायचंय." मी पीएनआर लिहून घेतला.

मावशींची पुढची तारीख आली आहे. तिकीट मी काल रात्रीच काढलं. पीक्यूडब्ल्यूएल ३८ आणि ३९. भाऊ, या वेळी तारीख आधी सांगतोय, म्हणजे मागून म्हणू नका की कळवलं नाही. पत्राचा नमुना, पीएनआर नंबर, दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स, सगळं एका पाकिटात घालून तुमच्या कार्यालयातल्या मुलाकडं दिलंय. त्यानं पोच दिली आहे, वेळेसकट. फक्त लेटरपॅड आणि सही बाकी आहे.